कुटकी : औषधाची मात्रा आणि पर्वताची मर्यादा

आयुर्वेदीय औषधे नित्य वापरणाऱ्या घरांतील औषधांच्या कपाटात आरोग्यवर्धिनीची डबी बहुधा आढळते. कावीळ, अपचन, त्वचेचे जुनाट विकार, यकृतावर आलेली सूज अशा अनेक तक्रारींवर ही गुटिका वैद्य योजतात. रसशास्त्राच्या मूळ पाठाप्रमाणे या गुटिकेत पारद, गंधक, लोह, अभ्रक व ताम्र यांच्यासह त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ आणि चित्रक ही द्रव्ये असतात. या सर्वांच्या एकत्रित वजनाइतके वजन एकट्या कुटकीचे असते. म्हणजे वाचकहो, आपल्या हातातील गोळीचा निम्मा भाग कुटकीने व्यापलेला असतो. महासुदर्शन चूर्ण, पुनर्नवाष्टक क्वाथ, तिक्तक घृत या परिचित कल्पांतही ती आहेच.

असे असूनही कुटकी म्हणजे नेमके काय, ती कोठे उगवते आणि कोणत्या मार्गाने आपल्या घरी पोहोचते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करणे आता दोन कारणांनी आवश्यक झाले आहे. पहिले कारण आपल्या प्रकृतीचे : तीव्र गुणांचे हे औषध सल्ल्यावाचून घेणे हितावह नाही. दुसरे कारण त्या वनस्पतीचे : ज्या वेगाने ती उपटली जाते, त्या वेगाने ती वाढत नाही. वरवर ही दोन कारणे निराळी भासतात. परंतु दोहोंचे उत्तर एकच आहे आणि ते आयुर्वेदाच्या परिचयाच्या एका शब्दात सामावलेले आहे. तो शब्द म्हणजे ‘मात्रा’.

ओळख एका कडू मुळाची

कुटकीचे शास्त्रीय नाव पिक्रोऱ्हायझा कुरोआ. ग्रीक भाषेत ‘पिक्रोस’ म्हणजे कडू आणि ‘ऱ्हायझा’ म्हणजे मूळ. ‘कुरोआ’ हा शब्द हिमालयातील ‘कडू’ अशा अर्थाच्या स्थानिक नावावरून आला आहे. थोडक्यात, या वनस्पतीच्या नावात कडूपणा दोनदा सांगितलेला आहे आणि ज्याने तिचा कण जिभेवर ठेवला असेल त्याला ही द्विरुक्ती अनाठायी वाटणार नाही. आधुनिक वर्गीकरणानुसार ती इसबगोलाच्या कुळातील मानली जाते.

काश्मीरपासून हिमाचल प्रदेश व उत्तराखंडापर्यंतच्या पश्चिम हिमालयात, सुमारे ३००० ते ५००० मीटर उंचीवर ती आढळते. आपल्या महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे; त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर कुटकीच्या प्रदेशाचा आरंभ होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तेथील हवामानाची कल्पना येईल. वृक्षांची सीमा संपल्यावर हिमालयात जी विस्तीर्ण गवताळ कुरणे लागतात, त्यांना गढवालात ‘बुग्याल’ म्हणतात. या बुग्यालांत, खडकांच्या आडोशाला आणि ओलसर उतारांवर कुटकी जमिनीला बिलगून वाढते. चमच्याच्या आकाराची, दातेरी कडांची पाने जमिनीलगत पसरतात आणि पावसाळ्यात त्यांच्या मधून पांढुरक्या वा फिकट निळसर-जांभळ्या फुलांचा लहानसा तुरा वर येतो.

औषधात वापरला जातो तो तिचा भूमिगत भाग. आपण त्यास मूळ म्हणत असलो तरी तो मुख्यतः मातीतून आडवा सरपटणारा खोडाचा भाग, म्हणजे मूलस्तंभ असतो. प्राचीन आचार्यांनी त्याचे किती बारकाईने निरीक्षण केले होते, हे कुटकीच्या संस्कृत पर्यायनामांवरून कळते. अंगावर माशाच्या खवल्यांसारखी आवरणे असल्यामुळे ती ‘मत्स्यशकला’, अनेक पेरांची म्हणून ‘शतपर्वा’, मोडल्यावर आतून काळसर दिसते म्हणून ‘कृष्णभेदा’ आणि रसावरून ‘तिक्ता’, ‘कटुका’, ‘कटुरोहिणी’.

येथे नामसाम्याविषयी एक सावधगिरीची सूचना. विदर्भाच्या पूर्व भागात व मध्य प्रदेशात ‘कोदो-कुटकी’ या जोडनावातील कुटकी हे एक भरडधान्य आहे. त्याचा या औषधीशी काही संबंध नाही. ‘खुरासानी कुटकी’ या नावाने ओळखली जाणारी हेलेबोरस ही परदेशी वनस्पती तर विषारी आहे. म्हणून केवळ नावावर विसंबून कोणतीही मुळी विकत घेऊ नये.

ग्रंथांनी काय सांगितले

चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे कार्यानुसार गट केलेले आहेत. त्यांपैकी भेदनीय, लेखनीय आणि स्तन्यशोधन या तीन गणांत कुटकीचा समावेश आहे. साचलेला मल फोडून बाहेर काढणे, शरीरातील अनावश्यक संचय खरवडून कमी करणे आणि मातेच्या दुधाची शुद्धी करणे, असा या गणांचा अनुक्रमे आशय आहे. भावप्रकाशात ती तिक्त रसाची, शीत, रूक्ष, लघु, अग्निदीपन करणारी आणि भेदन करणारी म्हणून वर्णिली आहे. पित्त व कफ यांचे विकार, ज्वर आणि त्वचारोग यांत तिची योजना होते.

या वर्णनातून घरातील व्यवहारासाठी एक गोष्ट निष्पन्न होते. अल्प मात्रेत भूक वाढविणारी व पचन सुधारणारी हीच कुटकी मात्रा वाढताच रेचक होते. रूक्ष व लघु गुणांमुळे कृश, अशक्त किंवा वातप्रधान प्रकृतीच्या व्यक्तीला ती मानवेलच असे नाही. एकाच द्रव्याचे मात्रेनुसार हे जे रूपांतर होते, त्यामुळेच वैद्य कुटकी देताना रुग्णाचे बल, कोष्ठ, वय आणि ऋतू यांचा विचार करतात. शेजाऱ्यांना लागू पडलेली मात्रा आपल्यालाही लागू पडेल, हे अनुमान म्हणूनच फसवे ठरते.

प्रयोगशाळेचा अनुभव

आधुनिक रसायनशास्त्राने कुटकीतील पिक्रोसाइड आणि कुटकोसाइड ही कडू संयुगे वेगळी केली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यांच्या आधारे ‘पिक्रोलिव्ह’ नावाचा प्रमाणित अर्क तयार केला. प्राण्यांवरील प्रयोगांत, विषारी रसायनांमुळे किंवा पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेमुळे यकृतपेशींना होणारी इजा या अर्काने कमी झाल्याचे दिसले. पित्ताचा स्राव वाढल्याचेही आढळले. यकृताचे औषध म्हणून कुटकीची जी परंपरागत कीर्ती आहे, तिला या निरीक्षणांनी बळ दिले.

मनुष्यांवरील अभ्यासांत मुंबईच्या संशोधकांचा एक अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. १९९६ मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. विषाणुजन्य काविळीच्या रुग्णांपैकी १५ जणांना कुटकीचे चूर्ण ३७५ मिलिग्रॅम या प्रमाणात दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे देण्यात आले. १८ जणांना तसेच दिसणारे, परंतु औषधाचा अंश नसलेले द्रव्य देण्यात आले. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णांना व तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. रक्तातील बिलिरुबिन सरासरी २.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरण्यास कुटकी घेणाऱ्यांना सुमारे २७ दिवस लागले, तर दुसऱ्या गटाला सुमारे ७६ दिवस.

हे आकडे आशादायक आहेत, यात संशय नाही. तथापि एकूण ३३ रुग्णांचा हा अभ्यास आहे, हे विसरून चालणार नाही. एवढ्या लहान समूहावरून एखादी दिशा कळते. सर्व प्रकारच्या यकृतविकारांवर खात्रीचा उपाय सापडला, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. शिवाय दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुसंख्य रुग्णांत विश्रांती व योग्य आहाराने काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात जे औषध घेतले असेल त्याला श्रेय मिळते. म्हणूनच ‘आमच्याकडे एका मुळीने कावीळ उतरली’ हा अनुभव प्रामाणिक असला तरी तो पुरावा ठरत नाही, आणि म्हणूनच दोन गटांची तुलना करणारे असे अभ्यास मोलाचे असतात.

घरात पाळावयाची पथ्ये

कावीळ हे लक्षण आहे. त्यामागील रोग अनेक असू शकतात. विषाणूंचा संसर्ग, मद्यपान, एखाद्या औषधाचा दुष्परिणाम, पित्तनलिकेत अडकलेला खडा किंवा तेथील गाठ, यांपैकी कोणत्याही कारणाने डोळे पिवळे होऊ शकतात. नलिका खड्याने बंद झाली असता कडू चूर्ण घेत बसणे म्हणजे शस्त्रक्रियेचा मौल्यवान काळ दवडणे होय. म्हणून रक्ततपासणी आणि वैद्यकीय निदान आधी, औषधाची चर्चा नंतर, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये.

रुग्णास गुंगी येऊ लागली, बोलण्यात असंबद्धता आली, उलट्या थांबेनाशा झाल्या, रक्तस्राव होऊ लागला किंवा पोट फुगले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भवतीला झालेली कावीळ नेहमीच गंभीर मानावी. विशेषतः ‘ई’ प्रकारचा विषाणू गर्भारपणात जिवावर बेतू शकतो. नवजात अर्भकाच्या काविळीला घरगुती मुळी उगाळून देणे सर्वथा वर्ज्य समजावे. गर्भारपणात कुटकी टाळावी आणि स्तनदा मातांनी ती वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावी. जुलाब होत असताना ती घेऊ नये. मधुमेहाची किंवा अन्य दीर्घकालीन औषधे चालू असतील, तर त्यांची माहिती वैद्य व डॉक्टर या दोघांनाही द्यावी.

आरोग्यवर्धिनीच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. ती केवळ वनस्पतींची गुटिका नसून पारद व ताम्र यांसारख्या धातूंचे संस्कार केलेला रसकल्प आहे. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही’ असे म्हणून वर्षानुवर्षे ती चालू ठेवणे अयोग्य आहे. किती काळ घ्यावयाची आणि केव्हा थांबवावयाची, हे पहिल्याच भेटीत वैद्यांना विचारून घ्यावे.

पर्वतावर काय घडते

आता या औषधाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. बुग्याल वर्षातील बराच काळ बर्फाखाली असतात. बर्फ वितळल्यावर मिळणाऱ्या चार-पाच महिन्यांत कुटकीला पाने फुटावयाची, फुले यावयाची, बी धरावयाचे आणि पुढील हिवाळ्यासाठी मूलस्तंभात अन्नसंचय करावयाचा असतो. अशा थोडक्या मुदतीच्या वाढीतून बोटभर जाडीचा मूलस्तंभ तयार होण्यास काही वर्षे लागतात.

पाने किंवा फळे खुडली तर वनस्पती मागे उरते. कुटकीचे औषधी अंग मात्र जमिनीखाली आहे. ते काढावयाचे म्हणजे झाड उपटावयाचे. एक मूलस्तंभ वाळल्यावर अगदीच हलका होतो, त्यामुळे किलोभर सुक्या मालासाठी शेकडो रोपे खणावी लागतात. बी पक्व होऊन गळण्यापूर्वीच खणती झाली, तर त्या जागी पुढची पिढीही उरत नाही. शिवाय खणलेल्या उतारावरची माती पावसात वाहून जाते आणि कुरण उघडे पडते.

मुळे खणणारे लोक लोभी आहेत, असे समजणे अन्यायाचे होईल. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ, गढवालातील ग्रामस्थ यांना वर्षातील थोडक्या महिन्यांत रोख पैसा मिळवून देणारी साधने फार नाहीत. त्यांच्या पूर्वजांनाही कुटकी ठाऊक होती. ताप आला, पोट बिघडले की घरापुरती ती आणली जाई. या प्रदेशात श्रद्धेने घातलेल्या मर्यादाही आहेत. उदाहरणार्थ, भाद्रपदातील नंदाष्टमीपूर्वी ब्रह्मकमळ तोडू नये, असा प्रघात गढवालात आहे. तोवर फुलाचा बहर पूर्ण होतो, हे त्या प्रघाताचे फळ. चरकसंहितेच्या कल्पस्थानातही मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने जीर्ण होऊन गळल्यावर घ्यावीत, असे सांगितले आहे. तोपर्यंत वनस्पतीचे वीर्य मुळात उतरलेले असते. आणि बीही एव्हाना मातीत पडलेले असते, ही गोष्ट आपण त्यात जोडून वाचू शकतो. घरापुरती गरज मोठ्या बाजारपेठेची मागणी झाली, तेव्हा या मर्यादा अपुऱ्या पडू लागल्या.

कायदा, शेत आणि बाजार

या ऱ्हासाची दखल जगाने घेतली आहे. धोक्यात आलेल्या जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९७ साली जटामांसीबरोबर कुटकीची नोंद झाली. जंगलातून काढलेल्या कुटकीच्या निर्यातीस भारतात बंदी आहे. लागवडीतून आलेला माल योग्य प्रमाणपत्रासह बाहेर पाठविता येतो. परंतु निर्यातीचा कायदा देशांतर्गत मागणीला आवर घालू शकत नाही, आणि आपली डबी याच मागणीत मोडते.

खरा उपाय लागवडीत आहे. गढवाल विद्यापीठाच्या उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्राने श्रीनगर-गढवाल येथे व तुंगनाथच्या उंचीवरील प्रायोगिक क्षेत्रात, चमोली जिल्ह्यातील मंडल-गोपेश्वर येथील जडीबुटी शोध एवं विकास संस्थानाने, तसेच पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने कुटकीची रोपे तयार करण्यावर दीर्घकाळ काम केले आहे. बियांपासून रोपे करता येतात. ऊतिसंवर्धनानेही करता येतात. सर्वांत सोपा मार्ग मूलस्तंभाच्या तुकड्यांचा. अंकुर असलेले पेर ओल्या, भुसभुशीत मातीत रोवले की नवे रोप धरते. ‘शतपर्वा’ या नावात जणू हा उपायच दडलेला आहे. चमोलीतील घेससारख्या उंचावरील गावांत शेतकरी कुटकीचे पीक घेऊ लागले आहेत.

अडचण आहे ती हिशेबाची. शेतकऱ्याला रोपे लावून, तण काढून, सुमारे तीन वर्षे थांबावे लागते. त्या काळात शेतातून दुसरे उत्पन्न नाही. लागवडीची नोंद करून वाहतुकीचा परवानाही त्याला मिळवावा लागतो. उलट जंगलातून माल आणणाऱ्याला खर्च येतो तो चार दिवसांच्या श्रमांचा. दोघांच्या पोत्यांना बाजारात एकच भाव मिळाला, तर प्रामाणिक शेतकरी तोट्यात जातो. त्याच्या मालाला अधिक भाव देण्याची तयारी औषध कंपन्या तेव्हाच दाखवितील, जेव्हा ग्राहक ‘ही कुटकी कोठून आली’ असे विचारू लागेल. आज हा प्रश्न विचारणारे फार थोडे आहेत.

आपण काय करावे

हिमालय आपल्यापासून दूर असला तरी पुढील गोष्टी आपल्या हाती आहेत.

कुटकीयुक्त औषध वैद्यांनी सांगितल्यावाचून सुरू करू नये आणि सांगितलेल्या मुदतीपलीकडे चालू ठेवू नये. ‘यकृतशुद्धी’ किंवा वजन घटविण्याच्या जाहिराती वाचून निरोगी माणसाने ती घेण्याचे कारण नाही.

काष्ठौषधींच्या दुकानातून सुटी मुळी घेण्याऐवजी परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि वापराची मुदत छापलेले उत्पादन घ्यावे. कुटकीत दिसण्यात साम्य असलेल्या इतर मुळांची भेसळ होते, आणि माल दुर्मीळ होत जाईल तशी ही शक्यता वाढते. अशा प्रकारे वनस्पतीचा ऱ्हास शेवटी रुग्णाच्या पदरात बनावट औषध टाकतो.

कंपनीला पत्र किंवा ईमेल पाठवून कुटकी लागवडीची आहे की जंगलातील, हे विचारावे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आणि भारतीय गुणवत्ता परिषद यांनी औषधी वनस्पतींसाठी ऐच्छिक प्रमाणीकरणाची योजना आखलेली आहे; तिचा उल्लेखही पत्रात करावा.

प्रत्येक तक्रारीला कुटकीच हवी असे नाही. गुळवेल, भुईआवळी यांसारख्या तिक्त वनस्पती आपल्या परिसरात सहज वाढतात. आपल्या व्याधीत त्यांपैकी एखादी पुरेशी आहे का, हे वैद्यांना विचारावे. निर्णय मात्र त्यांचाच असावा; स्वतःहून अदलाबदल करू नये.

दरवर्षी अनेक मराठी कुटुंबे तुंगनाथ, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स किंवा हिमाचलातील खिंडींच्या पदभ्रमणास जातात. बुग्यालावर चालताना पायवाट सोडू नये, मुळ्या खणू नयेत आणि वाटेवर कोणी ‘अस्सल जंगली कुटकी’ म्हणून पुडी देऊ केल्यास ती घेऊ नये. त्याऐवजी गावातील लागवड पाहावी, शेतकऱ्यांशी बोलावे, मुलांना ते रोप दाखवावे.

औषध अधिक घेतल्याने अधिक गुण येतो, असे आयुर्वेद कधीच सांगत नाही. योग्य रुग्णाला, योग्य काळी, योग्य मात्रेत दिलेले द्रव्यच औषध ठरते. कुटकीच्या बाबतीत ही शिस्त पाळणारे घर स्वतःच्या यकृताची काळजी घेते आणि नकळत त्या बुग्यालावरील चार रोपांनाही बी धरण्याची सवड देते. पुढील वेळी वैद्य चिठ्ठीवर ‘कुटकी’ किंवा ‘आरोग्यवर्धिनी’ असे लिहितील, तेव्हा ‘किती दिवस?’ हा प्रश्न त्यांना विचारा आणि ‘कोठून आली?’ हा प्रश्न ते औषध बनविणाऱ्यांना विचारा.